नेपाळ : चीन आत शिरला की आपणच दार लोटलं?

पेठेतला

मंडळी, लई दिवसांनी धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

परवा सात रस्त्याजवळ मोमोच्या गाडीवर उभा होतो. गाडीवाला पोरगा नेपाळचा, तीन वर्षं झाली सोलापुरात, आता "तिखट जास्त टाकू का मालक" असं आपल्याच हेलात विचारतो. शेजारी कॉलेजची पोरं होती, विषय निघाला २०२५ च्या सप्टेंबरात नेपाळात झालेल्या राड्याचा, सिंहदरबार म्हणजे त्यांचं मंत्रालय जाळलं, पंतप्रधान ओली पळाले वगैरे, आणि त्यातला एक म्हणाला "नेपाळ पार चीनच्या खिशात गेलंय बे". दुसरा म्हणाला, छे, हे सगळं अमेरिकेनं केलं. नेपाळात नेपाळी माणसं पण राहतात हे कुणाच्या डोक्यातच नाही. तो पोरगा काहीच बोलला नाही, झाकण उचलून वाफ बघितली आणि परत ठेवलं. मला मात्र २०१५ चा सिलिंडर आठवला.

सांगतो. २०१५ च्या दिवाळीनंतर आई-अण्णांना घेऊन यात्रेला गेलो होतो, काशी, अयोध्या, गोरखपूर, सोनौली करून पोखरा, काठमांडू, मुक्तिनाथ. चाळीस माणसं, आपल्याकडच्या यात्रेसारखीच सोबत आचारी, पोत्यानं ज्वारीचं पीठ, शेंगाची चटणी आणि डिकीत गॅसचे सिलिंडर. निघताना पेपरात वाचलं होतं की नेपाळात काहीतरी नाकेबंदी चालू आहे, पण यात्रेवाला म्हणाला काही होत नाही, ड्रायव्हरनं गोरखपूरला डिझेलचे कॅन भरून घेतले आणि आम्ही गेलो.

काठमांडूत गेल्यावर कळलं. पेट्रोलपंपासमोर टॅक्सीची रांग, पण माणसं नाहीत, नुसत्या गाड्या, नंबर लावून लोक घरी गेलेले, दोन-दोन दिवसांनी येऊन ढकलत पुढं न्यायचे. एप्रिलात भूकंप झालेला, घरांना अजून टेकू लावलेले, वर थंडी. आमच्या हॉटेलचं किचन बंद होतं. मालकाची आई मागच्या अंगणात भूकंपात पडलेल्या घराची लाकडं, म्हणजे नक्षी केलेल्या खिडकीची चौकट, फोडून त्यावर भात शिजवत होती. तिथं तेव्हा सिलिंडर अर्धाच भरून द्यायचे, तो पण मिळाला तर. आणि आमचा आचारी पुढच्या पडवीत दोन शेगड्या पेटवून चाळीस माणसांचं पिठलं करतोय!

दुसऱ्या दिवशी मालक आला, हात जोडून म्हणाला, दोन रात्रींचं सगळ्यांचं भाडं सोडतो, एक भरलेला सिलिंडर द्या. लॉबीत आमच्यात भांडण. देऊ नका म्हणणारे जास्त, मुक्तिनाथ बाकी आहे, मग खायचं काय. आचारी तर सिलिंडरवर बसूनच राहिला. शेवटी अण्णांनी आवाज चढवला म्हणून जो चालू होता, अर्ध्याच्या वर संपलेला, तो दिला. मालकानं उचलून वजन बघितलं, काही बोलला नाही, भाडं मात्र शब्दाप्रमाणं सोडलं. नंतर चहा घेताना मला एवढंच म्हणाला की आमच्या पोरांना भूकंपात सगळ्यात आधी कोण धावून आलं ते विचारलं तर भारत म्हणतील, आणि सहा महिन्यांनी गॅस कुणी तोडला विचारलं तर पण भारतच म्हणतील.

माझं म्हणणं सरळ आहे. चीननं नेपाळात जे कमावलं त्यातलं निम्मं त्या साडेचार महिन्यांत आपण हातानं दिलं. बोला.

लूम नंबर ९

काका किस्सा भारी, पण फॅक्ट चुकलंय. नाकेबंदी भारतानं केलीच नव्हती. नेपाळनं २० सप्टेंबर २०१५ ला नवी राज्यघटना आणली, तराईतल्या म्हणजे आपल्या सीमेला लागून असलेल्या सपाट भागातल्या मधेशी लोकांना वाटलं आपल्याला डावललं, ते सीमेवरच्या रक्सौल-वीरगंजच्या पुलावर जाऊन बसले, ट्रक जाणार कसा? सरकार पण तेच म्हणत होतं की आम्ही काही अडवलेलं नाही, ड्रायव्हर घाबरतात. मधेशींच्या आंदोलनात ४० च्या वर माणसं गेली ते कोण बोलत नाही बे.

पेठेतला

बाळा, पुलावर माणसं बसली होती हे खरं. पण आम्ही गेलो त्या सोनौलीला पूल नव्हता आणि माणसं पण नव्हती, तरी टँकर उभे होते. कस्टमवाला निवांत शेंगा खात होता.

शेंगाचटणी

शेंगा आपल्याच असणार 😄

कडकभाकरी

दोघांचं अर्धं अर्धं बरोबर आहे. मधेशींची तक्रार खोटी नव्हती, मतदारसंघ, नागरिकत्व, प्रांतांच्या सीमा, सगळ्यात आपल्याला कमी मिळालं असं त्यांना वाटत होतं आणि त्यांचे सोयरसंबंध बिहार-यूपीत, रोटी-बेटीचा व्यवहार, त्यामुळं दिल्लीनं लक्ष घालणं पण नवल नाही. पण घटना जाहीर व्हायच्या दोन दिवस आधी तेव्हा परराष्ट्र सचिव असलेले जयशंकर काठमांडूत जाऊन थांबा म्हणाले, हे तिथल्या माणसाला कसं वाटलं असेल? सात-आठ वर्षं रखडलेली घटना, भूकंपानंतर कशीबशी सगळे पक्ष एकत्र आले, आणि शेजारचा म्हणतो पुन्हा वाचून बघा. घरात साखरपुडा ठरलाय आणि चुलता येऊन म्हणतो मला विचारलं का, तसं.

आणि ही पहिली वेळ नाही. १९८९ ला पण असंच. राजा बिरेंद्रांनी चीनकडनं विमानविरोधी तोफा घेतल्या, १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री कराराच्या विरोधात आहे म्हणून आपण चिडलो, त्यात व्यापार आणि वाहतुकीचे करार संपले, ते पुढं न वाढवता आपण दोन रस्ते सोडून बाकीचे नाके बंद केले. एका वर्षात तिकडं जनआंदोलन झालं, राजाला पक्ष मान्य करावे लागले. म्हणजे त्या वेळी दाबून आपल्याला पाहिजे तसं थोडंफार झालं. दिल्लीतल्या लोकांना बहुतेक तेच डोक्यात होतं. फरक एवढाच की १९८९ ला राजा नको होता म्हणून लोकांनी राग राजावर काढला, २०१५ ला राग काढायला राजा नव्हता, आपण होतो. ओली त्या रागावर २०१७ ची निवडणूक जिंकले.

मला स्वतःला सगळ्यात जास्त लिपुलेखची गोष्ट बोलकी वाटते, भारत-चीन-नेपाळ मिळतात तिथली खिंड. वर्गात नकाशा काढताना मी पोरांना सांगते की हा कोपरा बघा. मे २०१५ ला भारत आणि चीन दोघांनी मिळून लिपुलेखमधनं व्यापार वाढवायचं ठरवलं, नेपाळनं दोघांनाही विरोध कळवला की जागा आमची आहे. २०२० ला आपण तिथपर्यंत रस्त्याचं उद्घाटन केलं, नेपाळनं घटनादुरुस्ती करून काली नदीच्या उगमापर्यंतचा भाग स्वतःच्या नकाशात घेतला, इकडं चॅनेलवाल्यांनी हे चीनच्या सांगण्यावरनं केलं म्हणून ओरड केली. आणि ऑगस्ट २०२५ ला पुन्हा भारत-चीननं लिपुलेखचा व्यापार सुरू करायचं ठरवलं, आणि नेपाळचा पुन्हा निषेध. आता सांगा, चीन जर नेपाळच्या बाजूनं एवढा उभा असता तर आपल्याबरोबर तिथं सही केली असती का? चीनला गरज लागली की तो आपल्याशी बोलतो, नेपाळला वगळून.

भैय्याचौक

विषय चीनचा निघाला की मला डॉ. कोटणीस आठवतात. आमच्या घरापासून स्मारक पाच मिनिटांवर. १९३८ ला भारतातनं पाच डॉक्टर चीनला सेवेला गेले, चार परत आले, आपला सोलापूरचा माणूस तिथंच १९४२ ला गेला. अजून चिनी पाहुणे आले की हार घालतात. शेजाऱ्याच्या मनात घर करायचं म्हणजे काय ते त्या माणसानं बत्तीस वर्षांच्या आयुष्यात दाखवलं, विमानतळ बांधून नव्हे.

लूम नंबर ९

आजोबा, कोटणीसांबद्दल आदर आहेच, पण १९६२ पण आठवा ना जरा.

आणि विमानतळाचा विषय काढलाच तर पोखरा बघा. चिनी कर्ज साधारण २१.६ कोटी डॉलर, चिनी कंपनीनं बांधला, १ जानेवारी २०२३ ला उघडला, आणि आंतरराष्ट्रीय विमानतळ नाव पण बाहेरच्या देशातनं नियमित विमानं जवळजवळ नाहीतच. धावपट्टी चकाचक, विमानं काठमांडूची. कर्ज तर फेडायचंय. पैसे खाल्ल्याच्या चौकशा लागल्या ते वेगळंच. उद्घाटनाच्या तोंडावर चिनी वकिलातीनं जाहीर करून टाकलं की हा बेल्ट अँड रोडचा, म्हणजे चीनच्या देशोदेशी रस्ते-बंदरं बांधायच्या योजनेचा प्रकल्प, नेपाळवाले गोंधळले, कारण कर्जाचा करार २०१६ चा आणि बेल्ट अँड रोडवर सही २०१७ ची! दुसऱ्याच्या लग्नात आपला बोर्ड लावायचा प्रकार. आणि तिबेटातल्या केरुंगवरनं काठमांडूला रेल्वे आणणार, आणणार, किती वर्षं झाली? ७२ किलोमीटर, जवळपास सगळा बोगदा आणि पूल. खर्च कोण करणार ते कुणीच सांगत नाही.

शेंगाचटणी

नाव आंतरराष्ट्रीय आणि विमान नाही म्हणून हसू नको. आपलं होटगी रोडचं विमानतळ किती वर्षं नुसतं साखर कारखान्याची चिमणी बघत बसलं होतं आठव 😂

लूम नंबर ९

ते दुखणं नको काढू भावा 🙏

वीजवाला_पुणे

मूळचा दमाणीनगरचा, आता पुण्यात, वीज क्षेत्रात काम करतो, म्हणून या विषयावर हात शिवशिवतायत.

नेपाळातली खरी ओढाताण आता रस्त्यावर नाही, तारेवर आहे. २०१६ पर्यंत काठमांडूत हिवाळ्यात सोळा-सोळा तास लोडशेडिंग होतं, आपल्याला पण ते दिवस माहितीयत, पण तेवढं नाही. आज पावसाळ्यात त्यांच्याकडं वीज उरते. नदीवरचे प्रकल्प, बहुतेकांना मोठं धरण नाही, पाणी आलं की वीज, नाही आलं की नाही. उरलेली वीज विकायची कुणाला? उत्तरेला हिमालय, तिथं लाइन ओढून कोण घेणार, म्हणजे गिऱ्हाईक एकच, आपण. जानेवारी २०२४ ला करार झाला, दहा वर्षांत १०,००० मेगावॅट घ्यायची. लई मोठा आकडा आहे. पण त्यात मेख अशी की ज्या प्रकल्पात चिनी पैसा किंवा चिनी ठेकेदार आहे त्याची वीज आपण घेत नाही. कागदावर साधी अट, पण परिणाम बघा. नेपाळी प्रवर्तक आता ठेकेदार ठरवतानाच विचार करतो की चिनी घेतला तर स्वस्त पडेल पण वीज घरातच राहील. तोफ नाही, नाकेबंदी नाही, नुसता गिऱ्हाइकाचा नकार. आपल्या टॉवेलवाल्यांना हे लगेच कळेल, बाहेरचा खरेदीदार सूत कुठलं वापरायचं ते ठरवतो तेव्हा कारखाना आपला असून नसल्यासारखा असतो.

बांगलादेशला पण नेपाळची वीज जाते, ४० मेगावॅट, ऑक्टोबर २०२४ चा तिघांचा करार. वीज कशातनं जाते? आपल्या तारांतनं. म्हणजे हो म्हणायचं की नाही ते आपल्या हातात. आणि हिवाळ्यात नद्या आटल्या की तेच आपल्याकडनं वीज विकत घेतात.

पेठेतले काका, तुमच्या सिलिंडरचा पुढचा भाग सांगतो. बिहारच्या मोतिहारीहून नेपाळच्या अमलेखगंजला ६९ किलोमीटरची तेलाची पाइपलाइन २०१९ ला चालू झाली, आता पुलावर कोण बसलं तरी डिझेल अडत नाही. ही आपण केलेली चूक आपणच दुरुस्त केली असं मी समजतो. पण तोपर्यंत तिकडं लोकांनी धडा घेतला होता. नाकेबंदीत इंडक्शनच्या शेगड्या धडाधड खपल्या, सरकारनं इलेक्ट्रिक गाड्यांवर कर कमी ठेवला, आज नव्या चारचाकीत निम्म्याहून जास्त इलेक्ट्रिक आहेत आणि त्यातल्या बहुतेक कुठल्या? चिनी. चालतात नेपाळच्या पाण्यावर, जागा घेतली आपल्या पेट्रोलची.

माजी हवालदार

नमस्कार. सतरा वर्षं नोकरी केली, त्यातली तीन गुरखा पलटणीच्या शेजारी. तुम्ही सगळे वीज, रस्ते, विमानतळ बोलताय. भारताची नेपाळात सगळ्यात जुनी गुंतवणूक म्हणजे पेन्शनचं पुस्तक. डोंगरातल्या गावात म्हातारा सुभेदार दर महिन्याला भारताच्या पेन्शनवर जगतो, नातवाला पलटणीच्या गोष्टी सांगतो. तो म्हातारा आपला राजदूतच समजा, पगार न घेता. १९४७ च्या भारत, नेपाळ, ब्रिटन तिघांच्या करारावर ही भरती चालत होती. आधी कोरोनानं थांबली, मग २०२२ ला अग्निपथ आलं, चार वर्षांनी पंचाहत्तर टक्के पोरं घरी. नेपाळ सरकार म्हणालं हे करारात नव्हतं, आम्ही विचार करून सांगतो. अजून भरती झालेली नाही. पाच वर्षांच्या वर होऊन गेली. त्या वयाची पोरं आता आखातात जातात, मलेशियाला जातात, काही तर रशियाच्या सैन्यात जाऊन मेली. योजना चांगली का वाईट त्यात मी पडत नाही, पण नातवाला सांगायला आता म्हाताऱ्याकडं काय राहिलं.

लूम नंबर ९

हवालदारसाहेब, याचा विचारच केला नव्हता.

सीमाभागी

मी अक्कलकोटच्या पुढचा, निम्मा कन्नड निम्मा मराठी. पशुपतिनाथाच्या गाभाऱ्यातले भट्ट पुजारी कर्नाटकातले असतात, पिढ्यान् पिढ्या दक्षिणेतनंच आणतात, आणि भक्तपूरला आपल्या जंगमांचा मठ आहे. आमचे स्वामी सांगायचे तेव्हा खोटं वाटायचं. तर २००८ च्या शेवटी पुष्पकमल दहाल ऊर्फ प्रचंड पंतप्रधान होते, माओवादी, त्यांनी ठरवलं भारतीय पुजारी काढून नेपाळी बसवायचे. गोंधळ कुणी घातला? चीनविरोधी वगैरे कुणी नाही, तिथल्याच भाविकांनी. कोर्टानं थांबवलं आणि सरकारला मागं घ्यावं लागलं. धर्म एक म्हणून राजकारणात पण ते आपलंच ऐकतील असं नाही, पण राजकारण बिघडलं म्हणून देव्हाऱ्यातला माणूस पण बदलत नाही. दिल्लीवाल्यांची गल्लत पहिल्यात होते, माओवाद्यांची दुसऱ्यात झाली.

कडकभाकरी

वीजवालेदादा आणि हवालदारसाहेब, धन्यवाद, धागा वर आला.

एक राहिलं. चीन पण तिथं हुशारीनं वागला असं नाही हं. २०१८ ला ओली आणि प्रचंडांचे पक्ष एक झाले, एकच मोठा कम्युनिस्ट पक्ष, बीजिंग खूश. मग दोघांची भांडणं. चिनी राजदूत बाई होत्या, होउ यांकी, त्या २०२० मध्ये या नेत्याच्या घरी, त्या नेत्याच्या घरी, राष्ट्रपतींकडं, सासू सुनांची समजूत घालते तशा फिरत होत्या. ऑक्टोबरात आपले रॉचे प्रमुख जाऊन ओलींना भेटले त्यावर तिथं काहूर. डिसेंबरात बीजिंगनं पक्षाचा मोठा माणूस पाठवला. काही उपयोग झाला नाही, मार्च २०२१ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं पक्षाचं एकत्रीकरणच रद्द केलं. आणि अमेरिकेच्या ५० कोटी डॉलरच्या मदतीवरनं रस्त्यावर दगडफेक झाली, चीननं उघड नाराजी दाखवली, तरी फेब्रुवारी २०२२ ला नेपाळच्या संसदेनं ती घेतलीच. त्या पैशातनं कशाची लाइन होणार? विजेची, गोरखपूरला जोडणारी!

नेपाळ एक करणारे राजे पृथ्वीनारायण शहा म्हणून गेले होते की आपलं राज्य म्हणजे दोन धोंड्यांमधला कंद. लोक हे वाक्य बिचारं कंद म्हणून वापरतात. कंद दोन धोंड्यांमध्ये वाढतो, आणि जागा मिळेल तिकडं वाढतो, हे पण बघा.

शेंगाचटणी

सप्टेंबरात ओली सरकारनं २६ ॲप बंद केले तेव्हा टिकटॉक चालू राहिलं कारण त्यांनी नोंदणी केली होती. आणि पुढाऱ्यांच्या पोरांच्या महागड्या घड्याळांचे व्हिडिओ पोरांनी त्यावरच फिरवले. चिनी ॲपवर बघून चीनधार्जिणं म्हणतात ते सरकार घालवलं. आता यात कुठल्या देशाचा हात ते शोधा 😄

लूम नंबर ९

आणि नंतर अंतरिम पंतप्रधान म्हणून आल्या सुशीला कार्की, बनारसला शिकलेल्या, लगेच आपले चॅनेल "भारताची मैत्रीण". त्या सरन्यायाधीश होत्या हे दुसऱ्या ओळीत.

पेठेतला

बरंच बोलणं झालं. लूम नंबर ९, तुझं मधेशींचं मान्य, मी ते लिहायला पाहिजे होतं. भैय्याचौक, तुमच्याशी सहमत आहे पण कोटणीस दर पिढीला मिळत नाहीत.

वीजवाल्याचं वाचून काल रात्री त्या हॉटेलवाल्याला फोन लावला. दिवाळीला एक मेसेज तो करतो, एक मी करतो, बोलणं कधी नाही. पहिलं विचारलं राड्यात हॉटेलला काही झालं का, तर नाही म्हणाला, दोन दिवस कर्फ्यूत शटर पाडून बसलो. एक पोरगा कोरियात आहे, दुसरा आंदोलनात होता, पायाला लागलंय, बरा आहे. ५ मार्च २०२६ च्या निवडणुकीत मत कुणाला देणार विचारलं तर हसला, म्हणाला पोरगं सांगेल त्याला.

मग मी हळूच विचारलं, गॅसचं काय आता? म्हणाला, किचनमध्ये दोन इंडक्शन घेतलेत. गॅस पण ठेवलाय, वीज जाते कधीकधी. मी म्हटलं इंडक्शन चिनी का? थांबा म्हणाला, उचलून खाली बघितलं असणार, खडखड आवाज आला. एक चिनी, एक भारतीय. कुठलं चांगलं विचारलं तर म्हणाला भारतीयचं बटण गेलंय.

लूम नंबर ९

🤦 काका त्याला सांगा बटण मिळतं नव्या पेठेत, पाठवून देऊ.

पेठेतला

सांगितलं. म्हणाला पाठवू नका, येताना घेऊन या. आईचं मुक्तिनाथ परत चाललंय डोक्यात, फेब्रुवारी-मार्चमध्ये जाऊ म्हणते. कोण अलीकडं सोनौलीवरनं गेलंय का, रस्ता कसा आहे?

सीमाभागी

बुटवलच्या पुढं काम चालू आहे, धूळ लई. आईंना मास्क घ्या. आणि निवडणुकीच्या आठवड्यात नका जाऊ.